निकालानंतरचा आवाज

डॉक्टरांनी रेमीच्या गळ्यातून तांदळाच्या दाण्याएवढी चकती काढून बशीत ठेवली. "आता बोला," ते म्हणाले.

रेमीने बशीतल्या चकतीकडे पाहिलं. ईशान्य भारतातल्या ऐजॉलहून पुण्याच्या हॉटेलात नोकरीला आली तेव्हा ती बावीस वर्षांची होती. पाहुणे तिचा चेहरा बघून, बोलणं ऐकून हसत विचारायचे, "कुठल्या देशाची गं तू?" मॅनेजरने पाहुण्यांना कधी सुनावलं नाही, तिच्याच गळ्यात आवाज बदलणारी चकती बसवायला लावली. तेव्हापासून ती घरीदारी कुणा परक्या बाईच्या चोख आवाजात बोलत आली. फोनवर आई दर वेळी आधी विचारायची, "कोण बोलतंय?" आणि खात्री पटली की मग, "जेवलीस का?"

आई गेली त्या वर्षी रेमीने तक्रार केली. लगेच तिची नोकरी गेली. कामगार न्यायालयाने मात्र हा सरळसरळ वंशभेद ठरवला. भरपाई द्या, स्वतःच्या खर्चाने चकती काढा, तिला त्याच जागेवर परत घ्या, असा हुकूम मालकाला दिला.

"बोल ना," शेजारी बसलेल्या वकील घाटपांडेबाई म्हणाल्या. सकाळपासून त्या तिच्यासोबत ताटकळल्या होत्या.

आपला तो बाविशीतला आवाज आठवत रेमीने घसा खाकरला. "बाई, तुम्ही जेवलात का?"

ती दचकली. चकतीखाली दडून तिचा आवाज अठरा वर्षं पिकत गेला होता. तो हुबेहूब आईचा झाला होता.

"हो, मघाशीच डबा खाल्ला," बाई म्हणाल्या.

तरी रेमीने पुन्हा विचारलं, "जेवलात का?"