छायाची नानकटाई

छकुलीनं नानकटाईचा तुकडा मोडला, तोंडात घोळवला आणि उरलेली तशीच बशीत ठेवली.

"चांगली हाये," ती म्हणाली. "पण आईच्या हातची अशी नोती."

ही सहावी खेप. साजूक तूप, वेलची, वर चारोळ्या, जयमालानं काही म्हणून कमी केलं नव्हतं.

"मंग कशी होती? सांग तं खरी."

"तोंडात आधी खरखर लागे. मंग इरघळे."

पुढच्या खेपेला रवा टाकायचा, असं जयमालानं मनाशी ठरवलं आणि बशी उचलली.

छाया जाऊन तीन वर्षं झाली होती आणि जयमालाला चिखलीच्या या घरात येऊन दीड. छायाचं कपाट, छायाची भांडी, भिंतीवरचा छायाचा फोटो, सगळं तिनं निमूट स्वीकारलं. मेलेल्या माणसाशी कसलं भांडण, असं ती स्वतःला बजावायची. पण त्या नानकटाईचं नाव निघालं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जिवंत सवत असती तर तोंडावर दोन शब्द सुनावता तरी आले असते. ही बाई हार घालून भिंतीवर हसत होती आणि रोज जिंकत होती.

धाकटा पिंटू सोपा होता. पहिल्याच आठवड्यात "आई, आई" करत पदराला लोंबकळला. दहा वर्षांची छकुली मात्र "ऐका ना" म्हणायची. दीड वर्षात तिनं जयमालाला कोणत्याच नात्यानं हाक मारली नव्हती.

एक जानेवारीला तिच्या नवऱ्यानं, गजेंद्रनं चहा सोडायचा संकल्प केला आणि दोन जानेवारीला मोडला. जयमालानंही एक केला होता. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवला: छकुलीच्या वाढदिवसाला तशीच नानकटाई. ती खाऊन पोरगी आई म्हणेल, हे काही तिनं लिहिलं नाही. पण सगळा जीव त्यातच अडकला होता.

भट्टीची तिला धास्ती नव्हती. माहेरी अमडापूरला बेबीताईच्या बचत गटात तिनं चार वर्षं बिस्किटं, टोस्ट, नानकटाई, सांगतील ते भाजलं होतं. बेबीताई मोठी कडक. प्रत्येक पुड्यात बनवणारीच्या नावाची चिठ्ठी गेलीच पाहिजे, म्हणजे तक्रार आली की कोणाला झापायचं ते कळतं. चिखलीच्या बाजारात विकायला ती स्वतः बसायची. जयमालानं कधी गिऱ्हाइकाचं तोंड पाहिलं नाही. तसाही तो गोरगरिबांचा माल. डालडा, आणि मैद्याला जोड म्हणून ज्वारीचं पीठ. छायासारख्या हौशी बाईच्या घरात त्याचं नाव काढायचीही तिला लाज वाटायची.

कढईत मीठ तापवून तिनं सातवी खेप काढली. रव्याची.

"हे तं दातात अडकते," छकुली म्हणाली.

पिंटूनं चार खाल्ल्या. पण पिंटू काय, खडूही खायचा.

"तुमाले तरी काही माहीत हाये का?" तिनं गजेंद्रला विचारलं.

"मले काऊन विचारतं? मले फक्त खाता येते."

वाढदिवस उद्यावर आला होता. जयमाला छकुलीची वेणी घालायला बसली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, "तू कधी पाह्यलं का आईले करताना?"

"नाही. बाजाराच्या दिवशी करे ती. आमी शाळेतून आलो की डबा भरलेला राहे."

"माळ्यावरचा तो निळा डबा?"

छकुलीनं मान ताठ केली. वेणी अर्धीच राहिली.

"त्याले हात लावू नका. त्यात आईचं गुपित हाये. दवाखान्यात जाताना सांगे, दहावी झाली की उघडजो."

जयमालानं उरलेली वेणी घालून रिबीन बांधली. म्हणजे कृती लिहून ठेवली होती तर. पोरीच्या नावानं, डब्यात बंद करून. मरतानाही या बाईनं पुढची आठ-नऊ वर्षं स्वतःच्या नावावर करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी पोरं शाळेत आणि गजेंद्र दुकानात गेला. तशी तिनं स्टूल घेतलं आणि डबा खाली काढला. ओट्यावर ठेवला. गॅस पेटवला.

तिचं सगळं ठरलं होतं. कृती वाचायची, पाठ करायची आणि कागद आचेवर धरायचा. दहावीनंतर छकुलीनं खुशाल डबा उघडावा, रिकामा निघेल. मग आईची नानकटाई या घरात एकाच बाईला येत असेल. आपण हे काय करतोय, असं क्षणभर तिच्या मनात आलं. तिनं फोटोकडे पाठ केली.

झाकण गंजलं होतं. उलथन्याचं टोक घालून तिनं ते उचकटलं.

आत राखीच्या दोऱ्यानं बांधलेला कागदांचा एक गठ्ठा होता. वरच्या कागदावर तीन ओळी होत्या.

'छकुली, मला नानकटाई कधीच आली नाही. तुम्ही आवडीनं खायचे म्हणून बाजारातली आणून माझी सांगितली. आता बाजारात गेली की हिच्याच हातची माग, दुसरीची घेऊ नको.'

जयमालानं दोरा सोडला. खाली तीस-चाळीस चिठ्ठ्या होत्या, तुपकट डागांच्या, बोटभर रुंदीच्या. प्रत्येकीवर तेच दोन शब्द होते, आणि अक्षर तिचं स्वतःचं होतं: जयमाला, अमडापूर.