कामगार, टोपीसह

तुळशीदास वैतीचा गिरणीचा पास सापडला आणि सरकारने तो मंजूरही केला. पण ते राहू दे. असं काही झालंच नाही, असं धरून चला.

कारण मंगळवारी सकाळी पास नव्हता आणि अर्जाची शेवटची तारीख शुक्रवार होती. संपानंतर तुळशीदासला गिरणीने परत घेतलं नव्हतं. आता अठ्ठावीस वर्षांनी जुन्या कामगारांना घरं मिळणार होती. प्रभादेवीच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं झोपत. सुनेने सांगून टाकलं होतं, अर्ज गेला तर थांबते, नाहीतर मी चालले वसईला. वसईला म्हणजे नातवासकट.

"पास माझ्या पाटीत होता," बायको मंजुळा म्हणाली. "कोलंबीच्या पाण्यात लगदा झाला."

"कधी?"

"ब्याण्णवला."

अर्जाबरोबर माहितीची पुस्तिका मिळाली होती. तिच्यात मंजुळाने सोमवारीच गिऱ्हाइकाला बोंबील बांधून दिले होते. "पास लागतो एवढं कळलं ना? मग बाकी काय वाचायचं?"

नंबर तुळशीदासला पाठ होता, झोपेतही सांगायचा. पण तोंडी नंबर चालत नाही, असं खिडकीवर बजावलं होतं.

बुधवारी तो नेहमीसारखा गिरगावात वीरेंद्रकडे पापलेट घेऊन गेला. वीरेंद्र बँकेतून रिटायर झालेला. बहीण लीला आणि चार कॉम्प्युटर, एवढाच संसार. तुळशीदासने बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

वीरेंद्र पापलेट विसरला. "अरे, तुझा पास माझ्याकडे आहे!"

होता, पण कॅसेटमध्ये. एकोणनव्वद साली वीरेंद्रने टीव्हीला जोडायचा एक कॉम्प्युटर घेतला होता. त्यावर तो छापखान्यांसाठी पत्रिकांची, हँडबिलांची चित्रं करायचा; ती गाण्यांच्या साध्या कॅसेटवर आवाज होऊन साठत. एकदा एका छापखान्याला कामगार हवा होता. त्याने तुळशीदासचा पास मागून घेतला, प्लॅस्टिकवर गिरवला, ते प्लॅस्टिक टीव्हीच्या काचेला चिकटवलं आणि अकरा दिवस एकेक टिंब बसवत अख्खा पास पडद्यावर काढला. चेहरा, टोपी, शिक्का, नंबर. नाव तेवढं गाळलं, चित्र कुणालाही वापरता यावं म्हणून. नंबर ठेवला, कारण नंबराशिवाय कामगार ओळखू येत नाही.

त्याच्या वहीत नोंदही निघाली. चौदा : कलश. पंधरा : नवरा-नवरी, लाजरी. सोळा : कामगार, टोपीसह.

"शेट, पण चित्र चालंल?"

"झेरॉक्सची झेरॉक्स चालते. हे तर मूळ पासावरून काढलंय."

जुनं मशीन तिसऱ्या धपाट्याला सुरू झालं. पाच मिनिटं कॅसेट किंचाळली.

"वीरू, मांजर कोंडलंस का?" आतून लीला.

"तुळशीदास येतोय!"

तो आला. टीव्हीवर, वरून खाली, एकेक ओळ करत. पंचवीस वर्षांचा, टोपी घातलेला. तुळशीदासने चप्पल काढून ठेवली.

"आता मोबाइलवर फोटो काढ की," लीला म्हणाली. काढला. जुन्या टीव्हीचा फोटो काढला की पडद्यावर काळा पट्टा उमटतो, तो प्रत्येक फोटोत नेमका नंबरावर बसला. जुन्या मशीनचा प्रिंटर केव्हाच भंगारात गेला होता. म्हणजे त्या चित्राची फाइलच आजच्या कॉम्प्युटरला कळेल अशी करायला हवी होती.

वीरेंद्रने टेपरेकॉर्डरची वायर लॅपटॉपला जोडली, किंचाळी भरून घेतली, तिचं चित्र केलं. तुळशीदासचा चेहरा भाजीसारखा चिरून आला. नाकाच्या खाली डोळा, डोळ्याखाली परत नाक.

"जुनं मशीन ओळी क्रमाने ठेवत नाही," वीरेंद्र म्हणाला. "पहिली, मग नववी, मग सतरावी. परत लावाव्या लागतील."

"लावा. पण शुक्रवार हाय."

गुरुवारी ओळी लागल्या, पण काळ्याचं पांढरं झालं.

"शेट, भूत दिसतंय."

"दम धर रे."

भुताचा माणूस झाला, तर तो बोंबलासारखा लांबला. तुळशीदास येरझाऱ्या घालत होता. लीलाने चहा तीनदा दिला, तिन्ही वेळा थंड झाला. दिवेलागणीला माणूस बरोब्बर माणसाएवढा झाला. छापून आला तेव्हा तुळशीदासने कागद दोन्ही हातांनी धरला.

"पापलेटचे पैसे नको," म्हणाला.

शुक्रवारी परळच्या खिडकीवर अडीच तासांनी नंबर लागला. आत सुनेत्रा मॅडम. त्यांनी अर्ज पाहिला, पासाचा कागद पाहिला आणि एक सुस्कारा सोडला.

"काका, हा कशाला जोडलात?"

"पास हाय माझा."

मॅडमनी माहितीची पुस्तिका उघडून त्याच्यासमोर धरली. पान चार. तोच चेहरा, तीच टोपी, तोच नंबर, भोवती चौकट. खाली छापलं होतं : मंजूर नमुना. अर्जदाराने असा पास जोडावा.

"असा म्हणजे असाच नाही. तुमचा."

"हा मीच हाय, मॅडम."

"नमुन्यात कुणी नसतं, काका."

"नंबर विचारा. पाठ हाय."

"सगळ्यांना पाठ आहे. सकाळपासून तिघांनी तोच लिहून आणलाय." त्यांनी चित्राकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे. "चेहरा मिळतोय खरा. काही म्हणणं असेल तर लेखी द्या. पाचच्या आत."

पाचला दहा मिनिटं कमी असताना तुळशीदासने बाहेरच्या बाकावर बसून लिहिलं :

"मा. अधिकारी यांस, मी खाली सही करणार तुळशीदास वैती, राहणार प्रभादेवी, वय पंचावन्न, विनंती अर्ज करतो की, मला नमुन्यातून कमी करून कामगारांत घेण्यात यावे."