न मांडलेला रुग्ण

डॉ. अभिमन बोलायचा थांबला, तेव्हा कपांतला चहा निवून गेला होता.

धुळ्यातले चौघे डॉक्टर महिन्यातून एकदा त्यांच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ, डॉ. आबांच्या दवाखान्यात जमत. आपली पत्नी वारली त्या वर्षी आबांनीच हा दंडक घालून दिला होता : आपल्या हातून गेलेला रुग्ण प्रत्येकाने इथे मांडायचा, काहीही न लपवता. एकाच्या चुकीने चौघे शहाणे होत, आणि त्या शहाणपणावर पुढचे कितीतरी रुग्ण जगले होते.

आज अभिमनने पहाटे पोटदुखीने आलेली एक तरुण बाई मांडली होती. "साप चावना नही डाक्टर, पोटच दुखस," नवरा सांगत राहिला. अंगावर दंशाची खूण नव्हती. हळूहळू तिच्या पापण्या मिटत गेल्या, मग श्वास थांबला. दुपारी तिच्या गोधडीत मण्यार निघाली; मण्यारीच्या दंशाची खूण बहुधा दिसतच नाही, आधी पोटच दुखतं.

"धडा घ्यायचा, दोष द्यायचा नाही," डॉ. रतिलालने आबांचंच वाक्य पुटपुटलं.

अभिमनने मान वर केली. "आबा, काकू गेल्या त्या पहाटे त्यांचंही पोटच दुखत होतं, आणि औषध तुम्हीच देत होतात. त्यांच्या पापण्याही अशाच मिटल्या होत्या ना?"



आबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि तो तिथेच विसरून ते दाराबाहेर निघून गेले.