तुळईवरचा काळा तुकडा

निवृत्त नौका-अभियंत्यांनी खिशातून पोलादी मोजपट्टी काढली, रुमालाने पुसली, आणि जेवणाच्या टेबलावर उभ्या असलेल्या हातभर लांबीच्या बोटीकडे, निष्णात वैद्याने भोंदूच्या मुळीकडे पाहावे, तसे पाहिले.

बंदराच्या कार्यालयात काचेचे एक कपाट रिकामे होते. भंगारात गेलेल्या जुन्या प्रवासी बोटीची प्रतिकृती त्यात विराजमान व्हायची होती. ती कोणती, हे ठरवण्याचा अधिकार अभियंत्यांचा. कारण मूळ बोटीचा आराखडा त्यांचाच. एक प्रतिकृती कारखान्यातून येऊ घातली होती. ही दुसरी, साबणाच्या वेष्टनांवर फुले रंगवून पोट भरणाऱ्या एका चित्रकाराने फावल्या वेळात घडवलेली.

"हे कठडे कशाचे?"

"मोडक्या छत्रीच्या काड्यांचे, साहेब."

"आणि धुराडं?"

"औषधाच्या गोळ्यांची नळी."

"म्हणजे उकिरड्यावर जन्मलेली नौका," अभियंते म्हणाले. "हौसेला मोल नसतं म्हणतात. दिसतंयच."

स्वयंपाकघराच्या दारातून चित्रकाराची पत्नी म्हणाली, "तीन वर्षं मांडीवर ताटं घेऊन जेवतोय आम्ही. एकदाची ही त्या कपाटात जाऊ दे."

 ही बोट चार लोकांनी पाहावी, याखेरीज कसलीही इच्छा चित्रकाराने आजवर कोणापाशी उच्चारली नव्हती.

अभियंत्यांनी आराखडा उलगडला. पुढच्या टोकाची नाळ जुळली, डोलकाठी जुळली, खिडक्यांची अंतरे तर केसाइतकीही चुकली नव्हती. आणि प्रत्येक माप जुळताना त्यांच्या मुखावरची अप्रसन्नता वाढत गेली. अखेर वरच्या मजल्याच्या जिन्यापाशी मोजपट्टी थांबली.

"सापडलं. या तुळईला काळं काय चिकटवलंय? माझ्या आराखड्यात असलं काही नाही. ऐकीव माहितीवर कामं केली की असं होतं."

चित्रकाराने वेष्टनांच्या कोऱ्या पाठीवर काढलेल्या रेखाटनांचा गठ्ठा पुढे सरकवला. तोच जिना, तीच तुळई, कितीतरी सकाळींच्या उजेडात.

"टायरचा तुकडा आहे, साहेब. खलाशांनी ठोकलेला. तुळई मुळातच फार खाली होती, वर जाणाऱ्याचा कपाळमोक्षच व्हायचा. खलाशी म्हणायचे, मान लववल्याशिवाय इथं कुणाला वर जाता येत नाही." मग त्याने विचारले, "सतरा वर्षं मी रोज त्या बोटीनं कामावर गेलो. आपण कधी बसला होतात?"

"उद्घाटनाला," अभियंते म्हणाले. "खालच्या मजल्यावर. पाहुण्यांबरोबर."

त्यांनी आराखड्याची गुंडाळी केली. नेहमीपेक्षा जरा घट्टच.

"तो तुकडा काढून टाका. उद्या सकाळी गाडी पाठवतो. कपाट तुमचं."

"काढा की हो," पत्नी म्हणाली. "तिळाएवढा तर आहे."

चित्रकाराने चिमटा उचलला. अभियंते खुर्चीत रेलले. पोटार्थी माणसाच्या तत्त्वाला वाकायला किती वेळ लागतो, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पुष्कळदा पाहिले होते.

चिमटा मात्र तुळईकडे गेला नाही. तो एका काडेपेटीत शिरला आणि नखाएवढा एक माणूस घेऊन बाहेर आला. अंगात कोट, काखेत कागदाची गुंडाळी, एक तळवा कपाळावर दाबलेला.

"हा लावावा की नाही, महिनाभर ठरत नव्हतं माझं," चित्रकार म्हणाला. त्या चिमुकल्या माणसाच्या पायांना गोंदाचा थेंब लावून त्याने त्याला जिन्याच्या वरच्या पायरीवर, नेमका तुळईखाली, उभा केला. मग फुंकर घालीत, मान वर न करता म्हणाला,

"सुकेपर्यंत टेबलाला धक्का लावू नका, साहेब."