एका शेंगेतले दोन दाणे

तिप्पण्णाचं पत्र येऊन दोन महिने झाले होते आणि महेश्वर गुरुजींनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र त्यांना पाठ होतं. तरी विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीतल्या अंगणवाडीकडे जाताना रिक्षात ते पुन्हा एकदा खिशातून बाहेर निघालं.

‘महेश्वरा, आपल्या शेंगेच्या गोष्टीचं पुस्तक निघतंय म्हणून पेपरात वाचलो. लई आनंद झाला. पैसा नको मला. तुझ्या नावाशेजारी माझं नाव घाल, एवढंच. नात आता वाचायला लागली. तिला दाखवतो.’

दोघंही तरुणपणी कर्नाटक सीमेवरच्या दुधनीच्या शाळेत मास्तर होते. पहिलीतली पोरं घरी कानडी बोलणारी, हातातलं पुस्तक मराठी. तिप्पण्णा त्यांना कानडीत गोष्टी सांगायचा आणि पोरं पोट धरधरून हसायची. गुरुजींना कानडी येत नव्हतं. मग मधल्या सुट्टीत तिप्पण्णा तीच गोष्ट त्यांना मराठीत सांगायचा. गुरुजी वहीत उतरवून घ्यायचे. त्यातली शेंगेची त्यांनी मुलांच्या मासिकाला पाठवली. छापून आली ती एकाच नावानं. शाळेत पेढे तिप्पण्णानंच वाटले होते.

पुढं गुरुजींनी चाळीसेक गोष्टी लिहिल्या. त्या सगळ्या स्वतःच्या. एकही कुणाच्या लक्षात राहिली नाही. लोक त्यांना ओळखायचे ते शेंगेवाले गुरुजी म्हणून.

अंगणवाडीच्या दारात संघप्रिया वाट बघत होती. पुस्तक काढणाऱ्या संस्थेचं काम तीच बघायची. मुखपृष्ठ आज छपाईला जातंय, असं तिनं सांगितलं. गुरुजी बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

“एखादं नाव वाढवायचं असलं तर?”

“जागा हाय की, गुरुजी. कुणाचं?”

“सांगतो. चारपर्यंत सांगतो.”

सतरंजीवर वीसेक मुलं बसली होती. गुरुजी माणसांसमोर अडखळायचे, ही गोष्ट सांगताना मात्र कधीच नाही. खार आणि साळुंकी जिवाभावाच्या मैत्रिणी. दोघींना मिळून भुईमुगाची एकच शेंग सापडते. माझी की तुझी म्हणून भांडण जुंपतं, बोलणं बंद होतं. शेवटी ओढाओढीत शेंग फुटते, तर आत दोन दाणे.

इथं गुरुजींनी आवाज खाली आणला. “खार म्हणाली, आपण उगीच भांडलो गं. शेंगेनं आधीच वाटणी करून ठेवली होती.”

मुलांनी टाळ्या पिटल्या. हे वाक्य सगळ्यांनाच आवडायचं. ते कानडीतून जसंच्या तसं आलं होतं. गुरुजींनी त्यात पूर्णविराम तेवढा घातला होता.

संघप्रियानं येताना खरोखरच्या शेंगा आणल्या होत्या. दोघांत एक, असं म्हणून तिनं त्या वाटल्या. खोली कडकड वाजू लागली. तेवढ्यात पुढच्या रांगेतली हुस्ना उठून गुरुजींपाशी आली. तिच्यामागून पायल.

“आजोबा, आमच्या शेंगेत एकच निघाला.”

हुस्नानं तळहात पुढं केला. गोष्टीत एका दाण्याची सोय नव्हती.

पायलनं वाट पाहिली नाही. तिनं दाणा उचलला, फ्रॉकच्या टोकात गुंडाळला, चिमणीच्या दातांनी कट्‌कन तोडला आणि अर्धा हुस्नाच्या हातावर ठेवला. दोघी जागेवर जाऊन बसल्यासुद्धा.

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्याशा पोरीला जमतं ते आपल्याला दोन महिने जमलं नाही, असं त्यांच्या मनात आलं. संघप्रिया हसत म्हणाली, “आता हे बी पुस्तकात घाला की, गुरुजी.”

“घालतो,” ते म्हणाले आणि वही काढून त्यांनी ते उतरवून घेतलं.

परतताना त्यांनी रिक्षा पोस्टासमोर थांबवली. आंतरदेशीय पत्र घेतलं आणि तिथल्याच फळीवर लिहायला सुरुवात केली. एरवी साधी खुशाली कळवायची तरी ते तीनदा कच्चं लिहीत. आज एक शब्द खोडावा लागला नाही. मग त्यांनी संघप्रियाला फोन करून मुखपृष्ठाचं सांगून टाकलं. चार वाजायला अजून अवकाश होता.

पत्राची कड थुंकी लावून चिकटवली, ते पेटीत टाकलं आणि खाली पडल्याचा आवाज ऐकूनच गुरुजी वळले. किती दिवसांनी छाती मोकळी वाटत होती.

पत्रात एवढंच होतं: ‘महोदय, आपले पत्र मिळाले. दुधनीच्या शाळेत आपण होता, असे मला स्मरत नाही. सदर गोष्ट सर्वस्वी माझी आहे. नातीस आशीर्वाद.’