वाचनगृहातून निघताना

लेक शिकते ते विद्यापीठ बघायला आसराबाई केदारखेड्याहून पहिल्यांदाच मुंबईला आली होती. ऐन शहराच्या मधोमध ती जुनी दगडी इमारत. वाचनगृहाचं छत बघायला तिनं मान मागं टाकली, तर डोईवरचा पदर घसरून खांद्यावर आला. रंगीत काचांतून ऊन उतरत होतं आणि त्या उन्हात ओळीनं माणसं बसलेली, सगळी खाली मान घालून. कोणी कोणाशी चकार शब्द बोलत नव्हतं. आसराबाईनं लगबगीनं पदर सावरला आणि दुःखाच्या घरी बसतात तशी दाराजवळच्या बाकावर अंग चोरून बसली.

बऱ्याच वेळानं तिनं हळूच लेकीला विचारलं, "कुशावर्ते, कोण गेलं गं?"

"कोणी न्हाई, माय. पुस्तकं वाचून राह्यलेत. लिहिणारे मातर कधीचेच गेले. कोणी शंभर वर्षांमागं, कोणी हजार."

आसराबाई भिंतभर उभ्या कपाटांकडं बघत राहिली. "आपल्याकडं तेरवी झाली की माणसाचं नाव निघत न्हाई," ती म्हणाली. "अन् हितं आजून ऐकून राह्यलेत त्यांचं?"

लेकीनं होकारार्थी मान डोलावली.

दुःखाच्या घरून उठताना 'येते' म्हणायचं नसतं. आसराबाईही सवयीनं न बोलताच उठली. दाराशी पोचल्यावर मात्र थांबली, मागं वळली आणि त्या कपाटांना हात जोडून म्हणाली, "येते बरं."