मधली पायरी

“आधी टॉवर कुठं आहे ते सांग,” अम्मा म्हणाल्या. “त्याच्यावर माझं बोट ठेव.”

जिज्ञासाने त्यांचं बोट धरून फोटोतल्या मेरीवेदर टॉवरवर टेकवलं. अम्मांनी फोटोकडे धड बघितलंसुद्धा नाही. डोळे मिटून घेतले.

“हां. आता टॉवरकडे पाठ कर. हा समोर बंदर रोड. मधोमध ट्राम. घंटा वाजली की गाढवंसुद्धा बाजूला व्हायची!”

जिज्ञासाने नेटवरून जुन्या कराचीचे सतरा फोटो छापून आणले होते. कराची म्हणजे सिंधची राजधानी. फोटोंत टॉवर होता, घड्याळवालं मार्केट होतं, समुद्राकाठचा लांबलचक दगडी धक्का होता. नव्हतं ते एकच, आजोबांचं घर.

आजोबा बदलापूरच्या फ्लॅटमध्ये अंथरुणाला खिळलेले. ‘आता घरीच ठेवा,’ असं डॉक्टर म्हणाले, त्याचा अर्थ कळायला कोणी डॉक्टर व्हावं लागत नाही. फाळणीत कराची सुटली तेव्हा ते चार वर्षांचे होते. त्यांच्या वडिलांनी पुढे जन्मभर त्या गावाचं नाव घरात काढू दिलं नाही. आणि आता निघायच्या वेळी आजोबांनी एकच घोशा लावला होता.

“माझं घर कुठं होतं गं? होतं ना नक्की?”

हे ‘होतं ना’ जिज्ञासाला स्वस्थ बसू देईना. ओळखीपाळखीचे सगळे म्हातारे केव्हाच गेले होते. शेवटी उल्हासनगरातल्या एका पापडवालीने सांगितलं, निर्वासितांच्या कॅम्प चारमध्ये कराचीवाल्या अम्मा आहेत, त्यांना विचार. सगळे त्यांनाच विचारतात.

“मला सिंधी समजतं, पण बोलायला गेले की लोक हसतात,” आल्या आल्या जिज्ञासाने सांगून टाकलं होतं. “आई मराठी ना माझी.”

“मग मराठीतच बोलू की! त्यात काय एवढं?”

अम्मांचं मराठी इतकं चोख, की जिज्ञासालाच कानकोंडं झालं. इतकी वर्षं इथे काढल्यावर येणारच, तिने मनात म्हटलं.

आता त्या पलंगावर तिच्या शेजारी बसून सांगत होत्या, आणि सांगताना त्यांचे हात तिचा गुडघा लयीत दाबत होते. म्हाताऱ्या माणसांची सवय. भिंतीवरच्या फोटोतली हार घातलेली बाई दोघींकडे बघत होती.

“संध्याकाळी समुद्राचं वारं सुटायचं. असं खारट, की ओठांवरून जीभ फिरवली तरी मीठ लागायचं.”

न पाहिलेल्या गावाची आठवण येते का कधी? जिज्ञासाला येत होती.

“आजोबांचे वडील काय करायचे?” अम्मांनी विचारलं.

“हार्मोनियम दुरुस्त करायचे म्हणे.”

अम्मांचे डोळे खाडकन उघडले. “पेटीवाले! अगं बाई, मग हे आधी नाही का सांगायचं? आमच्याच गल्लीतले! लाव, आजोबांना फोन लाव!”

जिज्ञासाने फोन स्पीकरवर लावला. अम्मा सिंधीत सुरू झाल्या, धो धो. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला त्या खुशाल ‘पुट’ म्हणजे बाळ म्हणत होत्या. हिरवं दार. ओट्यावर पाण्याचा माठ. दाराला तीन पायऱ्या, त्यातली मधली फुटलेली.

पलीकडून आजोबांचा आवाज आला, चिरकलेला.

“मधली फुटलेली होती, अम्मा?”

“हो, पुट. तुझी आई रोज ओरडायची, नीट उतर म्हणून.”

“माझ्या हनुवटीवर वण आहे,” आजोबा म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. “होतं! जिज्ञासा, माझं घर होतं!”

जिज्ञासाही रडली. काय करणार? फोन ठेवून तिने अम्मांचे पाय धरले.

तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. पन्नाशीचा एक माणूस पिशवी घेऊन आत आला. “आते, आयनं सुकट दिलीय.”

“कवरा उशीर केलास रं, संदीप!” अम्मा खेकसल्या.

जिज्ञासा बघतच राहिली. “आत्या?”

“मग! आमची वेणू आत्या,” संदीप हसला. “इथल्याच शहाडची. सिंध्याच्या पोराबरोबर पळून आली, तेव्हा आमच्या आज्यानं कोयता घेऊन अख्खा कॅम्प पालथा घातला होता.”

“मग ती... मधली पायरी?” जिज्ञासाला पुढे विचारवेना.

अम्मांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. “ती सासूबाईंची आठवण. पाय चेपायला बसले की रोज सांगायच्या. घरात दुसऱ्या कोणाला ऐकायलाच नको असायचं. म्हटलं, आपण तरी ऐकावं.”

मग त्यांनी सतरा फोटोंतून समुद्राचा फोटो शोधून काढला, डोळ्यांजवळ धरला आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या.

“पोरी, तुला सवड झाली की मला एकदा मुंबईला समुद्रावर नेशील?” त्या हळूच म्हणाल्या. “त्या वाऱ्याने ओठांना खरंच मीठ लागतं का, ते बघायचंय.”